पंच नसलेला खेळ : गोल्फ क्लबच्या कुमार सदस्यांसाठी नियम, शिष्टाचार आणि सुरक्षितता

कबड्डी, खो-खो, हॉकी, क्रिकेट यांपैकी कोणताही खेळ घेतला तरी मैदानावर पंच असतो. चूक झाली की शिटी वाजते, बोट वर होते, आणि खेळाडू निर्णय मान्य करतो. गोल्फची गोष्ट निराळी आहे. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर या खेळात खेळाडूंबरोबर पंच चालत नाही. पन्नास हेक्टर वा त्याहून अधिक जमिनीवर पसरलेल्या मैदानात दोन, तीन किंवा चार खेळाडूंचे गट एकमेकांपासून दूर दूर खेळत असतात. झुडपात गेलेला चेंडू कोणी पायाने पुढे सरकवला, तर ते पाहणारे बहुधा कोणीच नसते. फटका मारण्यापूर्वी पुढे कोणी उभे आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही सर्वस्वी मारणाऱ्याचीच असते.

अशा मैदानावर दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना क्लबचे कुमार सदस्य म्हणून प्रवेश दिला जातो, तेव्हा त्यांच्या हाती धातूची काठी व कठीण चेंडू यांबरोबरच मोठा विश्वासही सोपविला जातो. तो सार्थ व्हावा म्हणून नियम, शिष्टाचार आणि सुरक्षितता यांचे शिक्षण प्रत्यक्ष खेळाआधी देणे अगत्याचे ठरते. वरवर ही तीन निराळी प्रकरणे दिसतात. परंतु त्यांचा उगम एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे दुसऱ्या माणसाचे भान. हे भान मुलांमध्ये कसे रुजवता येते, याचा विचार शिक्षक, क्रीडाधिकारी आणि गावपातळीवर मैदानांची व्यवस्था पाहणारे लोकप्रतिनिधी यांनाही उपयुक्त वाटेल.

खेळाचे स्वरूप

गोल्फचे पूर्ण मैदान १८ भागांचे असते. प्रत्येक भागाच्या आरंभी ‘टी’ हे फटका मारण्याचे ठिकाण असते, तर शेवटी बारीक कापलेल्या गवताचे ‘ग्रीन’ असते. ग्रीनवर १०८ मिलिमीटर व्यासाचा एक खळगा असून त्यात निशाणाची काठी रोवलेली असते. टीपासून त्या खळग्यापर्यंत चेंडू कमीत कमी फटक्यांत पोचविणे, एवढाच खेळाचा हेतू. वाटेत वाळूचे खड्डे, पाणी, झाडे आणि वाढलेले गवत असे अडथळे असतात. चेंडू मारावयाच्या साधनालाही इंग्रजीत क्लब असेच म्हणतात. घोटाळा होऊ नये म्हणून या लेखात त्याला काठी म्हटले आहे. एका खेळाडूस एका फेरीत जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात.

चेंडूचे वजन नियमानुसार ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. हा चेंडू मुठीत सहज मावतो. परंतु निष्णात पुरुष खेळाडूच्या लांब पल्ल्याच्या फटक्यानंतर त्याचा प्रारंभीचा वेग ताशी २५० किलोमीटरहून अधिक भरतो. खेळ दिसावयास संथ असला, तरी त्यातील चेंडू संथ नसतो. कुमार सदस्यांना पहिल्याच दिवशी ही गोष्ट नीट समजली पाहिजे.

नियमांची परंपरा

गोल्फचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे तयार झाले. ते केवळ १३ होते. पुढे सेंट अँड्र्यूज येथील संस्था नियमांच्या बाबतीत अधिकारी मानली जाऊ लागली. १९५२ पासून सेंट अँड्र्यूजची ही परंपरा आणि अमेरिकेची गोल्फ संघटना यांच्या संमतीने जगभर एकच नियमावली चालू आहे. या नियमावलीची २०१९ मध्ये मोठी पुनर्रचना झाली आणि त्यानंतरची सुधारित आवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून अंमलात आली.

भारताचा या खेळाशी संबंध जुना आहे. कलकत्त्यातील गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब होय. मुंबईतही १८४२ मध्ये असा क्लब निघाला होता. तो आता अस्तित्वात नाही. परंतु मुंबईत चेंबूर येथे आणि पुण्यात येरवडा येथे जुनी मैदाने आजही आहेत. देशातील हौशी खेळाचे नियमन करणारी भारतीय गोल्फ संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली.

२०१९ पूर्वीच्या नियमपुस्तिकेत शिष्टाचार हे आरंभीचे स्वतंत्र प्रकरण असे. नव्या रचनेत त्याचा आशय थेट पहिल्याच नियमात आणला गेला. खेळाडूने सचोटीने वागावे, इतरांचा विचार करावा आणि मैदानाची काळजी घ्यावी, असा त्या नियमाचा सारांश आहे. इतरांचा विचार करण्यात खेळाचा वेग सांभाळणे आणि दुसऱ्याच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणे या दोन्ही बाबी नावानिशी सांगितल्या आहेत. गंभीर गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूस स्पर्धेतून बाद करण्याचा अधिकार समितीस आहे. क्लबला स्वतःची आचारसंहिता करून तिच्या भंगासाठी दंडही ठरविता येतो. सभ्य वर्तन ही ऐच्छिक बाब राहिलेली नाही, ती नियमाचाच भाग झाली आहे.

स्वतःवरच दंड

पंच नसताना नियम पाळले जातात कसे, असा प्रश्न मुलांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, गोल्फमध्ये खेळाडू स्वतःच स्वतःवर दंड लावतो. नियमभंग झाला हे कळताच त्याने ते सोबतच्या खेळाडूंना सांगावयाचे आणि आपल्या फटक्यांत दंडाची भर घालावयाची.

या संदर्भात १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेची हकीकत सांगण्यासारखी आहे. वूस्टर येथे झालेल्या या स्पर्धेत विख्यात हौशी खेळाडू बॉबी जोन्स हे फटक्याच्या तयारीत असताना उंच गवतातील त्यांचा चेंडू किंचित हलला. ते इतर कोणीही पाहिले नव्हते. तरीही जोन्स यांनी एका फटक्याचा दंड आपणहून लावून घेतला. स्पर्धेअखेर त्यांची आणि विली मॅकफार्लेन यांची बरोबरी झाली, आणि निर्णायक सामन्यात जोन्स एका फटक्याने हरले. तो दंड त्यांनी घेतला नसता, तर बरोबरी होण्याचा प्रश्नच आला नसता. विजेतेपद गेले; परंतु शंभर वर्षांनंतरही त्या स्पर्धेची आठवण निघते ती या एका फटक्यामुळे.

मुलांना ही हकीकत सांगताना एक पथ्य पाळावे. प्रामाणिकपणाचे फळ नेहमी बक्षिसाच्या रूपाने मिळते, असा तिचा अर्थ लावू नये. जोन्स यांना त्या दिवशी बक्षीस मिळाले नाही. नियम पाळण्याची किंमत कधी कधी द्यावी लागते आणि ती देण्याची तयारी असेल तरच नियमाला अर्थ राहतो, हा तिचा खरा बोध आहे.

नोंदपत्रकावरील सही

फटक्यांची नोंद ठेवण्याची गोल्फची पद्धतही शिकण्याजोगी आहे. फटक्यांच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूची नोंद सोबतचा दुसरा कोणी ठेवतो. फेरी संपल्यावर खेळाडूने प्रत्येक आकडा तपासून सही करावयाची आणि मगच पत्रक समितीकडे द्यावयाचे. प्रत्यक्षापेक्षा जास्त आकड्यावर सही झाली, तर तो जास्त आकडाच कायम होतो. आकडा कमी पडला असेल, तर सर्वसाधारणपणे खेळाडू बाद ठरतो.

१९६८ मध्ये अमेरिकेतील ऑगस्टा येथे झालेल्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचे रॉबर्तो दि विसेंझो यांना याचा कटू अनुभव आला. शेवटच्या दिवशी सतराव्या खळग्यासाठी त्यांना ३ फटके लागले होते. नोंद ठेवणाऱ्या खेळाडूने ४ लिहिले. दि विसेंझो यांनी ते न पाहता सही केली. एका फटक्याच्या त्या फरकामुळे बरोबरीची संधी हुकली आणि विजेतेपद बॉब गोल्बी यांना मिळाले. हजारो प्रेक्षकांनी प्रत्यक्ष ३ फटके पाहिले होते, तरी सही केलेला आकडाच खरा मानला गेला. दि विसेंझो यांनी दोष दुसऱ्यावर न टाकता चूक स्वतःकडे घेतली. वाचल्याशिवाय सही करू नये, हा धडा ग्रामपंचायतीच्या कार्यवृत्तापासून शाळेच्या हजेरीपटापर्यंत सर्वत्र लागू पडतो.

शिष्टाचार : दुसऱ्याचे भान

गोल्फचा शिष्टाचार पाहता पाहता मुलांना कृत्रिम वाटू शकतो. प्रत्येक संकेतामागचे कारण सांगितले की ते संकेत सहज अंगवळणी पडतात.

कोणी फटका मारीत असताना बोलू नये, हलू नये आणि त्याच्या चेंडूच्या अगदी मागे किंवा खळग्याच्या सरळ पलीकडे उभे राहू नये. कारण त्याचे लक्ष विचलित होते. ग्रीनवर दुसऱ्याचा चेंडू ज्या रेषेने खळग्याकडे जावयाचा असतो, त्या रेषेवर पाऊल ठेवू नये. बुटाच्या दाबाने गवतावर खूण उमटते आणि चेंडूची दिशा बदलू शकते. आपली सावलीही त्या रेषेवर पडणार नाही, अशी दक्षता चांगले खेळाडू घेतात.

फटक्याने गवताचा ढलपा उखडला तर तो परत जागी बसवून पायाने दाबावा, किंवा क्लबच्या पद्धतीप्रमाणे तेथे वाळू भरावी. उंचावरून पडलेल्या चेंडूने ग्रीनवर खोलगट खूण होते. ती कडेकडेने आत दाबून नीट करावी. वाळूच्या खड्ड्यातून बाहेर पडताना दाताळ्याने आपली पावले पुसून टाकावीत. आपल्यानंतर येणाऱ्यास मैदान आपल्याला मिळाले तसेच मिळावे, हे या सर्वांमागील सूत्र आहे. सार्वजनिक पाणवठा, एस.टी.चे बसस्थानक, वाचनालयाचे पुस्तक यांच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते.

वेळेचे भान हाही शिष्टाचारच आहे. आपली पाळी आली की साधारण ४० सेकंदांच्या आत फटका मारावा, अशी नियमावलीची शिफारस आहे. हरवलेला चेंडू शोधण्यासाठी पूर्वी ५ मिनिटे मिळत. २०१९ पासून ही मुदत ३ मिनिटांवर आणली गेली. आपला गट मागे पडला असेल आणि मागचा गट वाट पाहत असेल, तर बाजूला होऊन त्यास पुढे जाऊ द्यावे. मात्र घाई आणि तत्परता यांतील फरक मुलांना स्पष्ट करावा. पुढचा मार्ग मोकळा नसताना वेळ वाचविण्यासाठी मारलेला फटका हा सर्वांत मोठा असभ्यपणा होय.

काठीचा धोका

चेंडूचा धोका बहुतेकांच्या लक्षात येतो. काठीचा येत नाही. लहान मुलांना गोल्फच्या साधनांमुळे होणाऱ्या गंभीर दुखापतींत डोक्याच्या दुखापती विशेष आढळतात. दुसऱ्या मुलाने फिरविलेली काठी लागणे, हे त्यांचे एक ठळक कारण आहे. अशा घटना मैदानापेक्षा घराच्या अंगणात किंवा मोठी माणसे जवळ नसताना अधिक संभवतात. काठी फिरविणाऱ्या मुलाचे डोळे चेंडूवर खिळलेले असतात. मागे कोण आले हे त्याला दिसत नाही. जवळ येणारे मूल कुतूहलाने पुढे सरकते, आणि क्षणार्धात अनर्थ घडतो.

यास्तव पुढील नियम कुमार सदस्यांकडून पाठ करून घेण्याऐवजी प्रत्यक्ष कृतीने घटवून घ्यावेत.

१. काठी फिरविण्यापूर्वी दोन्ही बाजूंस आणि मागे वळून पाहावे. सरावासाठी हवेत काठी फिरवितानाही हे सोडू नये. काठी कधीही माणसाच्या दिशेने फिरवू नये. त्यामुळे खडा, माती किंवा काटकीही उडू शकते.

२. दुसरा फटका मारीत असेल, तर त्याच्या हाताची आणि काठीची लांबी मिळून जेवढे अंतर होईल, त्याच्याही काही पावले पलीकडे, त्याला दिसेल अशा जागी थांबावे. सर्वांत लांब काठी जवळजवळ सव्वा मीटरची असते, हे ध्यानात ठेवावे. चेंडूच्या पुढे तर कधीही उभे राहू नये.

३. सरावाच्या जागी सर्व मुलांनी एका रेषेत उभे राहावे. डावखुऱ्या मुलास रांगेच्या टोकाला जागा द्यावी. चेंडू गोळा करण्यासाठी कोणीही आपणहून पुढे जाऊ नये. प्रशिक्षकाने सर्वांना थांबविल्यावर, सर्व काठ्या खाली ठेवल्यावरच पुढे जावे.

४. वाट चुकलेला चेंडू काढण्यासाठी पाण्यात उतरू नये, तसेच दाट गवतात किंवा बिळाजवळ हात घालू नये. पावसाळ्यात अशा जागी सापाचा धोका असतो. हरवलेल्या चेंडूची किंमत थोडीच असते.

५. गवतावर औषध फवारलेले असू शकते. म्हणून चेंडू तोंडाजवळ नेऊ नये आणि खाण्यापूर्वी हात धुवावेत. उन्हाळ्यात टोपी व पिण्याचे पाणी जवळ असावे. मैदानावरील छोटी मोटारगाडी मुलांनी चालवू नये.

‘फोर’ ही आरोळी

चेंडू कोणाच्या दिशेने जात आहे असे दिसताच खेळाडूने ‘फोर’ अशी आरोळी ठोकावयाची, हा जगभरचा संकेत आहे. मुले अनेकदा संकोचाने गप्प राहतात. आपला फटका चुकला हे सर्वांना कळेल, अशी त्यांना भीती वाटते. ती भीती घालविणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम होय. चुकलेल्या फटक्याची लाज नाही. न दिलेल्या इशाऱ्याची आहे.

ही आरोळी ऐकणाऱ्यानेही काय करावे, हे शिकविले पाहिजे. आवाजाच्या दिशेने मान वर करून पाहणे ही सहजप्रवृत्ती असते आणि तीच घातक ठरते. ऐकताच खाली वाकावे, दोन्ही हातांनी डोके व चेहरा झाकावा, पिशवी किंवा झाडाचे खोड जवळ असल्यास त्याचा आडोसा घ्यावा.

मात्र आरोळी हा अखेरचा उपाय आहे. २००७ मध्ये स्कॉटलंडमधील एका क्लबवर इशारा ऐकून बचावाचा प्रयत्न करूनही एका खेळाडूच्या डोळ्यावर चेंडू बसला आणि त्याचा डोळा निकामी झाला. तो चालत होता ती पायवाट दुसऱ्या भागाच्या फटक्यांच्या टप्प्यात येत होती, आणि तेथे सावधानतेचा फलक नव्हता. २०१३ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने नुकसानीची ८० टक्के जबाबदारी क्लबवर आणि २० टक्के फटका मारणाऱ्यावर टाकली. या निकालाचा अर्थ उघड आहे. खेळाडूने काळजी घ्यावयाचीच आहे. परंतु धोक्याची जागा ओळखून फलक लावणे, वाट बदलणे, जाळी किंवा झाडांची भिंत उभारणे हे मैदान चालविणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य खेळाडूच्या अंगावर ढकलता येत नाही.

आकाशातील विजेचा धोका

गोल्फचे मैदान विस्तीर्ण आणि मोकळे असते. त्यावर उभा असलेला माणूस, त्याच्या हातातील धातूची काठी आणि एकाकी झाड यांना विजेपासून विशेष धोका संभवतो. १९७५ मध्ये अमेरिकेतील एका व्यावसायिक स्पर्धेत ली ट्रेव्हिनो यांच्यासह काही नामवंत खेळाडू विजेच्या आघाताने जखमी झाले. १९९१ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत झाडाखाली आश्रय घेतलेल्या प्रेक्षकांवर वीज पडली आणि त्यांतील एकाचा मृत्यू झाला.

या अनुभवांमुळे नियमावलीत स्पष्ट तरतूद आहे. भोंग्याचा एकच दीर्घ स्वर म्हणजे तत्काळ खेळ थांबविण्याची आज्ञा. ती होताच, काठी उगारलेली असली तरी, पुढचा फटका मारता येत नाही. तीन सलग स्वर म्हणजे साधा स्थगितीचा आदेश, आणि दोन छोटे स्वर म्हणजे खेळ पुन्हा सुरू करण्याची सूचना. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विजेचा धोका आहे असे खेळाडूस सकारण वाटले, तर भोंग्याची वाट न पाहता त्याला खेळ थांबविता येतो. त्याबद्दल दंड नाही. हा अधिकार मुलांनाही आहे, हे त्यांना आवर्जून सांगावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी काळ गेला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे असे समजावे आणि लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये थांबू नये. जवळ निवारा नसेलच, तर काठ्या खाली टाकून झाडांपासून आणि एकमेकांपासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे.

महाराष्ट्रात ही माहिती गोल्फपुरती नाही. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी, शेतमजूर आणि गुराखी विजेला बळी पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइलवरील सुविधेतून परिसरातील विजेची पूर्वसूचना मिळते. शाळेत एक शिक्षक आणि गावात एक ग्रामपंचायत सदस्य यांनी ती सूचना पाहून इतरांना कळविण्याचे काम अंगावर घेतले, तरी मोठा लाभ होईल.

पिशवी वाहणारा आणि गवत कापणारा

गोल्फच्या मैदानावर खेळाडूंखेरीज आणखी माणसे असतात. खेळाडूची पिशवी वाहणाऱ्यास व त्याला सल्ला देणाऱ्यास कॅडी म्हणतात. गवत कापणारे, पाणी देणारे माळी व मजूर सकाळपासून उन्हात काम करीत असतात. यंत्राच्या आवाजात त्यांना आरोळी ऐकू येत नाही. पाठ फिरवून काम करणाऱ्यास चेंडू दिसत नाही. म्हणून पुढे कामगार असल्यास त्याने पाहून हाताने खूण केल्याखेरीज फटका मारू नये, हा कुमार सदस्यांसाठी कठोर नियम असला पाहिजे. पुढे दुसरा खेळाडू असता तर आपण थांबलो असतो की नाही, एवढा एकच प्रश्न मुलाने स्वतःला विचारावा.

कॅडीशी वागण्याबाबत नियमावलीने एक मार्मिक तरतूद केली आहे. कॅडीच्या हातून नियमभंग झाला, तर दंड खेळाडूला होतो. आपल्यासाठी राबणाऱ्याच्या चुकीची जबाबदारी आपली असते, हे तत्त्व त्यातून लहान वयातच कळते. कॅडीला नावाने हाक मारणे, वयाने वडील असल्यास आदराने बोलणे, आपला राग काठी आपटून किंवा त्याच्यावर काढून व्यक्त न करणे, हे यापुढे वेगळे सांगावे लागू नये.

या माणसांतूनच देशाला मोठे खेळाडू मिळाले आहेत. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात करणारे अली शेर यांनी १९९१ मध्ये भारतीय खुली स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचे पुत्र शिवशंकर प्रसाद चौरसिया यांनी २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. कुंपणाच्या आतील आणि बाहेरील मुलांमध्ये गुणवत्तेचा फरक नसतो, संधीचा असतो.

याच संदर्भात कायद्याची आठवण देणे आवश्यक आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून, कौटुंबिक व्यवसाय आणि कलाक्षेत्र यांतील मर्यादित अपवाद सोडल्यास, १४ वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेत एका मुलाने खेळावे आणि त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाने त्याची पिशवी वाहावी, हे कोणत्याही क्लबला शोभणारे नाही आणि कायद्यालाही मान्य नाही. त्या दुसऱ्या मुलाच्या हाती पिशवीऐवजी काठी देणे, हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

शाळा आणि गाव यांसाठी

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुले गोल्फच्या मैदानावर कधी पाऊल ठेवणार नाहीत. तरीही या खेळाने घालून दिलेली शिस्त त्यांच्या मैदानांवर आणण्यासारखी आहे. भालाफेक, गोळाफेक आणि थाळीफेक यांत फेकणाऱ्याच्या पुढे कोणी असता कामा नये, हा नियम गोल्फइतकाच जीवनमरणाचा आहे. २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यात भालाफेकीच्या सरावाच्या वेळी भाला लागून एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला. एकाच मैदानावर एका बाजूस भालाफेक व दुसऱ्या बाजूस कबड्डी चालू असणे, चेंडू आणावयास मुलांनी मध्येच धावणे, क्रिकेटची फलंदाजी रस्त्याच्या दिशेने तोंड करून होणे, या गोष्टी नित्य दिसतात. त्या थांबविण्यास पैसा लागत नाही.

शाळेने वर्षारंभी मैदानाची पाहणी करून फेकीचे क्षेत्र चुन्याने आखावे. सर्वांनी थांबून एकदमच साहित्य आणण्याची पद्धत पाडावी. धोक्याची एक आरोळी ठरवून ती सर्व मुलांना शिकवावी. प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक मैदानालगत असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. ग्रामपंचायतीने मैदानावरून जाणारी पायवाट कोठे धोक्याची आहे ते पाहून फलक लावावा, अथवा वाट वळवावी. आणि वर्गातील एखाद्या सामन्यात शिक्षकाने जाणूनबुजून शिटी खिशात ठेवून, मुलांनीच आपल्या चुका जाहीर कराव्यात असा प्रयोग करून पाहावा. आरंभी गोंधळ होईल, वादही होतील. पण चेंडू आपल्या पायाला लागून बाहेर गेला, असे एखादा मुलगा आपणहून म्हणेल, त्या दिवशी त्या मैदानावर शिक्षणाचे एक मोठे काम पार पडले असे समजण्यास हरकत नाही.

फटक्याआधी वळून पाहणारे मूल आणि न दिसलेली चूक स्वतः सांगणारे मूल यांच्यात फारसे अंतर नाही. दोघांनाही आपल्याखेरीज इतर माणसे दिसत असतात. सार्वजनिक जीवनातही पंच सदोदित हजर नसतो. तेथे नियमांचे रक्षण अशाच नागरिकांच्या हाती असते.